शेठ वालचंद हिराचंद

सोलापूर हे सुताचे आणि कापडाचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पेठांत कापसाचा व्यापार व सावकारी करणारी अनेक घराणी नांदत होती. अशाच एका जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद दोशी यांची पेढी चांगली चाललेली होती. मुलाने चार बुके शिकावीत आणि मग पेढीवर बसावे, अशी त्या काळी व्यापारी घरांची रीतच असे.

१८९९ साली वालचंद मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि देशाच्या फार मोठ्या भागावर भीषण दुष्काळ कोसळला. अन्नास महाग झालेली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती वाहत. अशा दिवसांत वालचंद उच्च शिक्षणासाठी घराबाहेर पडले. प्रथम मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात व नंतर पुण्यास डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्ययन केले. त्याच पुण्यात, नदीच्या दुसऱ्या तीरावर, सायन्स कॉलेज होते. तेथे रस्ते, पूल, कालवे बांधण्याचे शास्त्र शिकवीत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली तेथूनच पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन सरकारी अभियंता झाले होते. वालचंदांनी मात्र त्या कॉलेजाची पायरी चढली नाही. आणि डेक्कन कॉलेजातूनही ते पदवी न घेताच सोलापूरला परतले.

आता पेढीवर बसण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नव्हता. परंतु त्या धंद्यात वालचंदांचे मन रमेना. याच सुमारास त्यांचा परिचय लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी झाला. फाटक पूर्वी रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. नोकरी सोडून ते रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले होते. फाटकांपाशी कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या घराण्याची बाजारात पत होती, पण रुळाखालची माती कशी दाबतात हे त्यांना ठाऊक नव्हते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याचे काम अंगावर घेतले.

ही रेल्वे मोठी मौजेची होती. मुंबई-मद्रास लोहमार्गाचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फूट अंतरावर, तर हिचे अवघ्या अडीच फुटांवर! १८९७ साली ती कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. बार्शीच्या पुढे येडशीकडे जाताना तिला बालाघाटचा चढ चढावा लागे. चढ वाजवीपेक्षा अधिक झाला, तर इंजिनाला डबे ओढवत नाहीत. म्हणून कोठे डोंगर खोदावा लागतो, तर कोठे भराव घालावा लागतो. त्यातच या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भरावावरचे पाणी नीट वाहून गेले नाही, तर रूळ खचण्याचे भय. शिवाय कंत्राटदाराने दर आधी ठरवून दिलेला असतो. खडक अपेक्षेहून कठीण निघाला, तरी मजुरांची मजुरी चुकत नाही, तोटा कंत्राटदाराचा. पेढीवरच्या हिशेबात बोरूची चूक खोडता येते, येथे तशी सोय नाही! किती माती निघेल, तिला किती माणसे व किती दिवस लागतील, याचे गणित वालचंद या कामांवर शिकले. त्यांचे खरे महाविद्यालय हेच म्हणावे लागेल. १९११ साली ही रेल्वे लातुरास पोहोचली. पुढे एकविसाव्या शतकात तिचे अरुंद रूळ काढून तेथे रुंद मार्ग घालण्यात आला.

त्या काळी मोठी बांधकामे बहुधा इंग्रज कंपन्यांकडे जात. वालचंदांना ही गोष्ट सलत असे. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. स्वतः पदवी न घेतलेल्या या गृहस्थांनी शिकलेल्या अभियंत्यांना आपल्या कामांवर नेमले. बोरघाटात पूर्वी गाडीला मध्येच एका ठिकाणी थांबून उलट दिशेने जावे लागे. नव्या बोगद्यांमुळे तो खोळंबा संपला. त्या बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीने केले. तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे प्रचंड नळ घालण्याचे कामही तिने केले.

त्यांचे इतर उद्योग सांगू गेल्यास एक वेगळाच ग्रंथ होईल. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना उभा राहिला, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली आणि १९४४ साली मुंबईत मोटारींची कंपनी निघाली. मोटारींच्या कारखान्यासाठी तर वृद्ध विश्वेश्वरय्यांनीही फार खटपट केली होती. पुण्याच्या कॉलेजातील तो नामांकित विद्यार्थी आणि पदवीवाचून परतलेला हा सोलापूरकर, दोघांच्या वाटा अशा एकत्र आल्या.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठ वालचंद हिराचंद यांचे निधन झाले. सांगलीस १९४७ साली एक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले होते. १९५५ साली त्याला वालचंदांचे नाव देण्यात आले. स्थापत्यशास्त्र शिकणारी मुले तेथे पहाटे दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन जमीन मोजण्यास बाहेर पडू लागली.