चित्रकार व्हायला गेले अन् नांगर घडवला! पलूसच्या माळावर उद्योग उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्याकडं पोरगं दिवसभर वहीत चित्रं काढत बसलं की घरात एकच चिंता सुरू होते. याचं पुढं होणार काय? चित्रावर पोट भरतं का? साधारण एकशे चाळीस वर्षांपूर्वी बेळगावकडच्या एका घरातही हीच चिंता होती. त्या पोराचं नाव होतं लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पुढं याच माणसानं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, ओसाड माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर आणि पंप या दोन वस्तूंमुळं त्यांचं नाव गावोगावच्या शेतात आणि विहिरीवर पोचलं.

लक्ष्मणराव उद्योगपती होते हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्यांची सुरुवात चित्रकलेतून झाली, आणि ती वाट अर्ध्यात बंद पडली, हे फार थोड्यांना माहीत असतं. डिझाइन, ड्रॉइंग अशा क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या आजच्या पोरांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी अशी आहे.

घरचा विरोध, भावाचा आधार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घराण्यात विद्येला मान, पण ती विद्या म्हणजे पोथी आणि शाळा. या मुलाचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला दोन गोष्टींचं वेड होतं, चित्रं काढणं आणि यंत्रांशी खटपट करणं.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं त्यानं ठरवलं तेव्हा वडिलांना ते पटलं नाही. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि शिक्षणाच्या खर्चाचा भार त्यांनी उचलला. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी लक्ष्मणराव मुंबईत दाखल झाले.

रंगांनी दगा दिला

दोन वर्षं शिक्षण झालं आणि एक गोष्ट ध्यानात आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नव्हता. याला रंगांधळेपणा म्हणतात. नजर चांगली असते, रेघ स्पष्ट दिसते, पण काही रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. हा दोष बहुधा जन्मतःच असतो आणि तो सरावानं जात नाही.

चित्रकार होऊ पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला याहून मोठा धक्का तो कोणता? वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर मुंबई गाठलेली. आता कोणत्या तोंडानं परत जायचं?

लक्ष्मणराव परत गेले नाहीत. रंग जमत नसले तरी रेषेवर हात बसलेला होता. त्यांनी रंगाचं काम सोडलं आणि त्याच शाळेत यांत्रिक ड्रॉइंग शिकायला घेतलं. यंत्राचा एखादा भाग समोरून, वरून, बाजूनं कसा दिसतो, त्याचं नेमकं माप किती, हे कागदावर असं उतरवायचं की दुसऱ्या कारागिरानं ते पाहून तसाच भाग घडवावा. तिथं रंगाचं काही अडत नाही. लागतं ते माप, अंदाज आणि स्वच्छ रेघ.

याच ज्ञानावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली. फावल्या वेळात ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळत. कागदावरची रेघ आणि भट्टीतलं लोखंड या दोन्हीची ओळख झाली ती अशी.

पुढं बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

सायकलपासून कडबा कुट्टीपर्यंत

बेळगावात रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान होतं. त्या काळी सायकल म्हणजे श्रीमंतांची चैन. किंमत काहीशे रुपयांच्या घरात. लक्ष्मणराव सायकली विकत, दुरुस्त करत आणि पैसे घेऊन चालवायलाही शिकवत. पण परदेशी माल आणून विकण्यात त्यांचं समाधान नव्हतं. अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिकं वाचून आपणच काहीतरी घडवावं असं त्यांच्या मनानं घेतलं.

आजूबाजूला सगळी शेती. म्हणून पहिली वस्तू निवडली ती कडबा कापण्याचं यंत्र. आज गोठ्यागोठ्यात जी कडबा कुट्टी दिसते, तिचीच ही जुनी भावंड म्हणा. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

नांगर तयार, गिऱ्हाईक नाही

तेव्हाचा नांगर लाकडाचा. तो गावच्या सुतारानं घडवलेला. काळ्या जमिनीत मोठा लाकडी नांगर ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागत. एवढं करूनही तो माती फाडायचा, उलटायचा नाही. लोखंडी नांगराला वळणदार पंखा असतो. फाळानं कापलेली माती त्या पंख्यावरून चढते आणि पलटी होते. हरळी, कुंदा यांसारखं चिवट तण मुळासकट वर येतं. त्या पंख्याचं वळण किती, फाळाचा कोन किती, यावर बैलांना ओढ किती बसणार हे ठरतं. हे सगळं आधी कागदावर, मग लाकडी साच्यात, मग वाळूच्या साच्यात आणि शेवटी ओतीव लोखंडात उतरतं. एकाच साच्यातून निघाल्यामुळं भाग सारखे असतात. फाळ झिजला तर नवा आणून बसवता येतो.

वस्तू उपयोगाची होती, तरी घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. विचार करा, दोन वर्षं! घरात पैसा येत नाही, लोक हसतात, आणि तयार माल तसाच पडून.

यात शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. त्याचं सगळं वर्ष त्या एका नांगरटीवर अवलंबून. न पाहिलेल्या वस्तूवर तो पैसा कसा लावणार? विश्वास बसायला वेळ लागला. पण एकदा लोखंडी नांगर शेतात चाललेला लोकांनी पाहिला, की मागणी हळूहळू वाढत गेली.

औंधच्या राजाची साथ

धंदा जरा बसतो न बसतो तोच नवं संकट. बेळगाव नगरपालिकेमुळं कारखान्याची जागा सोडावी लागली. चाळिशीच्या घरात आलेला माणूस यंत्रं घेऊन जाणार कुठं?

इथं सातारा जिल्ह्यातलं औंध या गोष्टीत येतं. औंध हे छोटं संस्थान, आणि त्याची गावं सातारा, सांगली, सोलापूर, विजापूर या भागांत विखुरलेली. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार होते. औंधच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय ही त्यांचीच देणगी. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानातली हवी ती जागा निवडायला सांगितली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं.

लक्ष्मणरावांनी निवडला कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ. निवडुंगानं भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला. बघणाऱ्याला वाटावं, याचं डोकं फिरलं. पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चा माल आणायला आणि नांगर बाहेर पाठवायला ती हवीच होती. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन वस्ती सुरू झाली. कारखान्याबरोबर कामगारांची घरंही उभी राहिली. पुढं त्या स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल बंद झाला आणि देशी नांगराला मागणी आली, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले.

एकट्याचं काम नव्हे

वाडीत वेगवेगळ्या गुणांची माणसं जमली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारख्यांनी आपापलं काम सांभाळलं. पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले. त्यांनी जाहिरात आणि छपाईची बाजू उचलली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी १९२० साली निघालेली किर्लोस्कर खबर पुढं किर्लोस्कर मासिक झाली. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकंही त्यांनी काढली. म्हणजे एकाच माळावर लोखंडाचं डिझाइन, जाहिरात, व्यंगचित्र आणि संपादन अशा किती वाटा निघाल्या पाहा. पुतण्याला रंग दिसत होते, काकांना नाही. दोघांनाही काम होतं.

१९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत या कारखान्याला आग लावण्यात आली. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या लक्ष्मणरावांनी तेही पाहिलं. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९९४ मध्ये, त्यांच्या जन्माच्या सव्वाशेव्या वर्षी, टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आजच्या पोरांसाठी

ही गोष्ट वाचून लगेच कुणी कारखाना काढणार नाही. पण चित्राची आवड असलेल्या मुलाला एवढं नक्की कळावं की त्या आवडीला एकच वाट नसते. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षा देता येतात. त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स आहे. बारावीनंतर कला महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते, तर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. ज्याला रंगांत अडचण येते, त्यानं आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग शाखा निवडावी. रेघ, माप, अक्षर, आकार यांत करण्यासारखं भरपूर आहे.

आणि घडवायचं काय, हे शोधायला लांब जायला नको. लक्ष्मणरावांनी आधी शेतकऱ्याचा गोठा आणि रान पाहिलं. आपल्या घरात ऊस तोडताना, धारा काढताना, भाजी निवडताना आईबापांचा हात कुठं अडतो, पाठ कशानं दुखते, ते आधी नीट बघा. मग वही उघडा आणि काढायला लागा.