पं. विष्णु दिगंबर : दरबार सोडलेला गवई

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, काम करणाऱ्या कलावंतांना सरकारने किमान उत्पन्नाची हमी द्यावी काय? मी प्रतिकूल बाजूने बोललो. उदाहरण म्हणून पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे नाव घेतले. संस्थानिकाचा आश्रय सोडून ते लोकांत गेले आणि लोकांच्या पैशावर त्यांनी संगीत विद्यालये उभी केली. तेव्हा खऱ्या कलावंताला सरकारचा टेकू लागत नाही, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. पुढे कुतूहलाने त्यांचे चरित्र नीट वाचले, आणि त्या बक्षिसाकडे पाहण्याची मला लाज वाटू लागली. कारण मी त्यांचे अर्धेच आयुष्य सांगितले होते. ते पूर्ण सांगावे, म्हणून हा लेख.

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. नरसोबाची वाडी तेथून अगदी जवळ. वडील कीर्तनकार होते. लहानपणी तोंडाजवळ फटाका उडाला आणि विष्णूची दृष्टी अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. मिरजेला उपचार चालू असताना त्याला गाणे शिकवावे असे ठरले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा थोर गुरू लाभला. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या योगक्षेमाची सोय केली. आज आपण ज्याला उत्पन्नाची हमी म्हणतो, ती या मुलाला पहिल्यापासून मिळाली होती, हे मी भाषणात सोयीस्करपणे विसरलो होतो. पोटाची काळजी नव्हती, म्हणूनच वर्षानुवर्षे रोज तासन् तास रियाज होऊ शकला.

मग त्यांनी मिरज का सोडली? सांगतात ते असे की, एका समारंभाचे बोलावणे त्यांना आले, पण गुरूंना आले नाही. दरबारात शिष्याला मान होता, तो राजकृपेमुळे. त्याहून थोर असलेला गुरू मात्र साधा गवई ठरला. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. 1896 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बाहेर पडले. माझ्या मते त्यांनी पैसा नाकारला नव्हता. त्या पैशाला चिकटलेली मर्जी त्यांनी नाकारली होती.

पुढची काही वर्षे ते गावोगाव हिंडले. बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर असे करीत ते पंजाबात पोचले. वाटेत त्यांनी त्या काळी नवलाची वाटेल अशी गोष्ट केली. तिकीट लावून जाहीर जलसे केले. ज्याला गाणे ऐकायचे त्याने तिकीट काढावे आणि बसावे, मग तो सरदार असो की कारकून! 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आरंभी विद्यार्थी येईनात, तेव्हा हे रिकाम्या वर्गात ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन बसत आणि रियाज करीत, असे सांगतात. हळूहळू विद्यार्थी आले. त्यांनी संगीताची क्रमिक पुस्तके छापली, स्वरलेखनाची पद्धत बसवली, स्त्रियांनाही शिक्षण दिले. गवई म्हटला की नाके मुरडणाऱ्या समाजात त्यांनी संगीत शिक्षकाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

या विद्यालयात उपदेशक वर्ग नावाचा एक वर्ग होता, आणि माझ्या वादाला खरे उत्तर या वर्गात आहे. होतकरू मुलांनी नऊ वर्षे राहून शिकायचे, असा तेथे करार असे. त्यांचे राहणे, जेवण, कपडे यांचा भार विद्यालय उचलीत असे. ज्याने स्वतः राजाश्रय सोडला, त्याने शिष्यांना मात्र उपाशी झगडा असे सांगितले नाही. दोन वेळचे जेवण निश्चित असल्याशिवाय गवई तयार होत नाही, हे त्यांना मिरजेच्या अनुभवावरून ठाऊक होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नामवंत मंडळी त्यांच्याच तालमीत तयार झाली.

पण हा खर्च कोठून व्हायचा? विद्यार्थ्यांची फी, पुस्तकांची विक्री, देणग्या, आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे पंडितजींचा स्वतःचा गळा! 1908 साली त्यांनी मुंबईत विद्यालय काढले. पुढे सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फेडायला ते जलशांसाठी सारखे हिंडत राहिले. तरी कर्ज फिटले नाही. 1924 च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. ज्या लोकांसाठी दरबार सोडला, त्या लोकांच्या तिकिटांवर विद्यालय उभे राहिले खरे, पण टिकले नाही. पंडितजींनी भगवी वस्त्रे धारण केली होती. नाशिकच्या रामनाम आश्रमात थोड्या शिष्यांसह त्यांनी उरलेले दिवस काढले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले.

वय एकोणसाठ वर्षे तीन दिवस. हा हिशेब मी मुद्दाम करून पाहिला. केंद्र सरकारच्या वृद्ध कलावंतांसाठीच्या अर्थसाहाय्य योजनेत वयाची अट साठ वर्षांची आहे. म्हणजे आज पंडितजी असते तर त्यांच्या हाती एक पैसाही पडला नसता! थकलेल्या कलावंताला आपण मदत करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण चोविसाव्या वर्षी वाट शोधणाऱ्या आणि पन्नाशीत कर्जाखाली दबलेल्या कलावंताचे काय? आयर्लंडने 2022 साली 2000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो देण्याचा प्रयोग तीन वर्षांसाठी सुरू केला. पात्र अर्जदारांतून निवड केली ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्या मर्जीने नव्हे. मला यातली ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते.

माझा एक मामेभाऊ तबला वाजवतो. लग्नसराईत त्याला चार कार्यक्रम मिळतात, बाकीचे महिने तो दुकानात हिशेब लिहितो. रात्री घरी आल्यावर हात चालत नाही, असे तो म्हणतो. त्या स्पर्धेच्या दिवशी तो श्रोत्यांत बसला होता आणि माझ्या भाषणाला त्यानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुन्हा हाच विषय निघाला तर मी अनुकूल बाजूने उभा राहीन. मात्र एक अट घालीन. ही मदत नियमाने मिळावी, कृपेने नव्हे. काय गावे आणि कोणापुढे गावे, हे देणाऱ्याने सांगू नये. नाहीतर आपण मिरजेचा दरबारच पुन्हा उभा करू, आणि आपल्यातला एखादा विष्णु तो सोडून पुन्हा रस्त्यावर येईल.