विश्लेषण : दोनच वेळा जेवा, असे सांगणारे डॉ. श्रीकांत जिचकार कोण होते? त्यांच्या पद्धतीत ‘किटोसिस’ होतो का?

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला आंगणे कुटुंबांतील महिला दिवसभर उपवास धरतात आणि मौन पाळून नैवेद्य रांधतात. एरवीचा आपला उपवास मात्र साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, केळी आणि मधूनमधून चहा असाच असतो. पोटाला उसंत मिळतच नाही. ही उसंत हाच उपचार, असे मानणारे ‘इंटरमिटंट फास्टिंग’ आज जगभर गाजते आहे. महाराष्ट्रात तो विचार त्याआधीच मांडला होता नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी.

कोण होते जिचकार?

१४ सप्टेंबर १९५४ रोजी काटोल परिसरातील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एमबीबीएस, एमडी झाल्यावर त्यांनी कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता अशा पदव्यांची रांगच लावली, संस्कृतात डी.लिट. मिळवली. आयपीएस आणि आयएएस या दोन्ही सेवांत निवड होऊनही त्यांनी राजीनामा दिला. १९८० मध्ये पंचविशीतच ते काटोलचे आमदार झाले, पुढे राज्यात मंत्री आणि १९९२ ते १९९८ राज्यसभेचे सदस्य. पदव्यांच्या संख्येचेच कौतुक इतके झाले, की त्यांचे आहारावरील काम मागे पडले.

त्यांचे सूत्र काय होते?

काय खावे यावर आहारतज्ज्ञ बोलत होते. किती वेळा खावे, हा जिचकारांचा प्रश्न होता. खाल्ले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. रक्तात इन्सुलिन जास्त असेपर्यंत साठवलेली चरबी जळायला फारशी बाहेर पडत नाही. दिवसभर बिस्किटे, चहा, चिवडा चालूच असेल तर इन्सुलिन उतरायला सवडच मिळत नाही. म्हणून कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसात दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, असे त्यांचे म्हणणे.

मग किटोसिस होतो का?

बहुतेकांना नाही, आणि इथेच गल्लत होते. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. जेवण थांबल्यावर ती हळूहळू संपते. बारा तासांनंतर यकृत चरबीपासून किटोन बनवण्याचा वेग वाढवू लागते. रक्तातील किटोन लिटरमागे ०.५ मिलिमोलच्या वर गेले की त्याला किटोसिस म्हणतात. अनेक दिवसांच्या उपासात मेंदूही बराचसा किटोनवर चालतो, हे अमेरिकी डॉक्टर जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवले.

आता सकाळी दहा आणि रात्री आठ अशी जेवणे धरा. सर्वांत मोठी फट १४ तासांची. त्यात दोन्ही ताटांत भात-भाकरी असेल, तर साठा रोज दोनदा भरला जातो. किटोन पहाटे थोडे वाढतात आणि जेवताच उतरतात. तरी वजन उतरते, कारण मधले खाणे बंद झाल्याने एकूण उष्मांक घटतात. चरबी जळायला किटोसिस लागतोच असे नाही.

५५ मिनिटांचे काय?

एकदा खायला सुरुवात केली की इन्सुलिनचे एक ठरलेले माप सुटते, पुढचे माप ५५ मिनिटांनंतरच, असा त्यामागचा युक्तिवाद. स्वादुपिंड इतके घड्याळबरहुकूम चालत नाही. पहिला झोत काही मिनिटांत येतो, पुढचा स्राव रक्तातील साखरेनुसार कमीजास्त होतो. मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर उसाचा रस यांचा परिणाम एकसारखा नाही. तेव्हा हा आकडा शिस्तीसाठी उपयोगी, शरीरशास्त्राचा नियम म्हणून डळमळीत.

धोका कोणाला?

इन्सुलिन घेणारे किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणारे मधुमेही जेवण टाळतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्यांवर असलेल्यांना लांबलेल्या उपासात साखर फारशी न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. तो किटोसिसपेक्षा वेगळा आणि जिवावर बेतणारा आहे. टाइप-१ मधुमेही आणि गर्भवतींनी हा प्रयोग परस्पर करू नये. औषधांचे डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागतात.

पुढे काय झाले?

२ जून २००४ रोजी नागपूरजवळ कोंढाळी येथे मोटार अपघातात जिचकारांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचे व्याख्यान मात्र ध्वनिमुद्रित स्वरूपात फिरत राहिले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ते सूत्र उचलले, त्याला रोज ४५ मिनिटे चालण्याची जोड दिली आणि ‘विनासायास वेट लॉस’ म्हणून गावोगाव नेले. दीक्षित आपल्या व्याख्यानांत श्रेय जिचकारांना देतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘दीक्षित डाएट’ हेच नाव बसले.