अमृतांजनकार नागेश्वरराव

खंडाळ्याच्या घाटातील अमृतांजन पूल २०२० साली पाडला गेला, तेव्हा अनेक जुन्या प्रवाशांना हळहळ वाटली. परंतु ज्या मलमाच्या जाहिरातीवरून पुलाला हे नाव पडले, त्याच्या जनकाची ओळख महाराष्ट्रात फारशी कुणाला नाही.

काशीनाथुनी नागेश्वरराव यांचा जन्म १८६७ साली आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील शिक्षणानंतर ते कलकत्त्यास औषधांच्या व्यवसायात आणि पुढे मुंबईस एका कचेरीत नोकरीला राहिले. स्वतःचा धंदा करण्याचे त्यांचे आरंभीचे प्रयत्न फसले होते. हात पोळलेल्या माणसाने पुन्हा, तेही परमुलखात, निश्चित पगारावर पाणी सोडावे, ही गोष्ट सोपी नव्हे.

१८९३ मध्ये त्यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले. या अपरिचित पिवळ्या मलमाला गिऱ्हाईक कोठून मिळावे? नागेश्वररावांनी ते गायनाच्या मैफलींत फुकट वाटले. नफ्याचा पत्ता नसताना माल वाटून टाकायचा आणि लोकांच्या निवाड्याची वाट पाहायची, याला कारखाना उभारण्याहून मोठी छाती लागते, असे आम्हांस वाटते. लोकांनी मलम कपाळाला लावून पाहिले आणि मग ते विकत मागू लागले.

मिळालेला पैसा त्यांनी साठवून ठेवला नाही. १९०८ साली त्यांनी मुंबईतूनच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले. १९१४ मध्ये ते मद्रासला नेऊन दैनिक केले. मिठाच्या सत्याग्रहात कारावासही भोगला. १९३८ साली ते निवर्तले. चेन्नईच्या मैलापुरात, लझ भागात, त्यांच्या नावाचे उद्यान आहे. तिकडे जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.