मुक्या चाकांचा डॉक्टर

टायर म्हटलं की डनलॉप हे नाव आठवतंच. पण हे जॉन बॉइड डनलॉप इंजिनीअर नव्हते, चक्क गुरांचे डॉक्टर होते!

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी झाला. एडिंबरोला शिकून ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांची प्रॅक्टिस छान चालली. त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. तिच्या भरीव रबरी चाकांना दगडी रस्त्यावर भयंकर हादरे बसायचे. १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडी चकतीभोवती पातळ रबराची नळी बसवली, वर कापड लावलं, हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचं चाक दोन्ही अंगणात घरंगळत सोडली. सायकलचं चाक मध्येच पडलं, हवेचं चाक मात्र थेट फाटकाला जाऊन धडकलं!

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी विली ह्यूमने हे टायर लावून बेलफास्टला शर्यती जिंकल्या. पण लवकरच कळलं की रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच असं पेटंट घेतलं होतं. डनलॉप यांचं पेटंट बाद झालं. १८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. नाव जगभर झालं, पैसा मात्र फारसा हाती आला नाही. १९२१ मध्ये डब्लिनला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाचं सार एवढंच की ओझं रबर नाही, आतली हवा पेलते. उसाच्या सीझनला हे आपण विसरतो. ट्रॉलीच्या टायरात हवा कमी, ऊस जास्त आणि वरून वेग, मग टायरची बाजू सारखी दबते, तापते आणि शेवटी फुटते. वळताना ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते. ड्रायव्हरने वळण लहान घेतलं की कडेचा दगड टायरला चिरतो. चार चाकं जवळजवळ असतील तर जागच्या जागी वळवताना ती आडवी घासतात. ट्रॅक्टरवर बसलेल्याला यातलं काहीच जाणवत नाही.

जनावराला बोलता येत नाही, म्हणून गुरांचा डॉक्टर स्वतः हात लावून तपासतो. मागचं चाकही मुकंच. टायर थंड असताना हवा बघा, वळण मोठं घ्या, वेग आवरा. कारण त्या ट्रॉलीच्या मागे बाइकवर आपल्यातलंच कोणीतरी असतं!