हुलकावणीचे आचार्य : सय्यद अब्दुल रहीम

हुतूतूच्या पटावर चढाई करणारा गडी उजव्या कोपऱ्याकडे झेपावल्याचे दाखवितो आणि क्षणार्धात डाव्या कोपऱ्यातील गड्यास स्पर्श करून परततो. खो-खोमध्ये पळणारा खेळाडू एका अंगाला झुकतो आणि दुसऱ्या अंगाने निसटतो. यालाच आपण हूल देणे म्हणतो. अमेरिकेत फुटबॉल याच नावाचा एक निराळा खेळ आहे. त्यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन पळावयाचे असते. तेथे तर या विद्येचे जणू शास्त्रच झाले आहे. सारा संघ डावीकडे धावू लागतो, रक्षकही तिकडे लोटतात आणि चेंडू घेतलेला गडी मात्र उजवीकडून निघून जातो. प्रतिपक्षाचे डोळेच त्याला फसवितात. पायाने खेळावयाच्या आपल्या फुटबॉलात ही विद्या भारतीय खेळाडूंना ज्यांनी शिकविली, ते आपल्या हैदराबादचे एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले आणि विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉलही खेळले. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील मिडल स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून शाळेच्या क्रीडाविभागाची धुराही त्यांनी वाहिली. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस या नात्याने शहरातील खेळाला त्यांनी शिस्त लावली. खेळाच्या मैदानाकडे ते अखेरपर्यंत शिक्षकाच्याच दृष्टीने पाहत राहिले.

त्यांच्या शिकविण्याची तऱ्हा मोठी नवलाची होती. चेंडू पायाशी खेळवत एकट्यानेच चारचौघांना चकवीत पुढे जावे, टाळ्या मिळवाव्यात, ही तरुण खेळाडूंची स्वाभाविक हौस असते. रहीमसाहेबांनी अशा सामन्यांचा प्रघात पाडला, की ज्यांत चेंडू घेऊन पळण्यासच बंदी असे. चेंडू आला, की तो लगेच सोबत्याकडे द्यावयाचा. दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरावा, असा नियम असे. हुलकावणीच्या आचार्यांनी हुलकावणीवर बंदी घालावी, हे वरवर विपरीत वाटेल. पण त्यांचा हेतू खोल होता. एकट्या गड्याने दिलेली हूल एका प्रतिस्पर्ध्यास फसविते. अकरा जणांनी मिळून दिलेली हूल सारा प्रतिपक्ष फसविते. ती द्यावयाची, तर मान वर करून सोबत्याकडे पाहण्याची सवय हवी आणि चेंडू दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने देता आला पाहिजे. ज्याचा एकच पाय चालतो, त्याचा बेत शत्रूला आधीच कळतो.

या शिक्षणाचे फळ लवकरच दिसले. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे मार्गदर्शक होते. मुंबईचा रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. कलकत्त्याच्या नामांकित संघांना हैदराबादच्या शिपायांनी नमविले. भारतीय संघाची सूत्रेही रहीमसाहेबांकडे आली आणि १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत मेवालालच्या गोलाने इराणचा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळविले.

परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १० विरुद्ध १ असे हरविले. आपले अनेक खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. दुसरा एखादा मार्गदर्शक खचून गेला असता. रहीमसाहेबांनी मात्र पराभवाकडेही विद्यार्थ्याच्या वृत्तीने पाहिले. त्या स्पर्धेत हंगेरीचा संघ विजयी झाला आणि १९५३ साली त्याच संघाने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६ विरुद्ध ३ असे चकित केले. त्या संघाची युक्ती अशी होती. त्या काळी आघाडीच्या मधल्या गड्यावर, म्हणजे सेंटर फॉरवर्डवर, प्रतिपक्षाचा मधला रक्षक डोळ्यांत तेल घालून पहारा करी. हंगेरीचा हिदेगकुटी हा गडी नावाला पुढचा. प्रत्यक्षात तो मागे सरकून खेळे. आता रक्षकाने काय करावे? त्याच्यामागे जावे, तर गोलासमोर खिंडार पडते. जागेवर राहावे, तर तो मोकळा सुटतो. रहीमसाहेबांनी हीच युक्ती त्या काळी आपल्या खेळाडूंना शिकविली आणि छोट्या छोट्या पासांच्या खेळाशी तिची सांगड घातली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ असे हरविले. गोमंतकीय खेळाडू नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलात असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू होय. भारत चौथा आला. त्या संघात अजीजुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते. यांपैकी तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब मुलगा. सरावाला येण्यास त्याच्यापाशी पैसे नसत, म्हणून भाड्याच्या सायकलीसाठी रहीमसाहेब त्याला रोज एक रुपया देत, असे सांगतात.

रहीमसाहेबांच्या आयुष्याचा कळस १९६२ साली जकार्ता येथे झाला. त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंड व जपान यांना आपण नमविले. पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात भारताचा भरवशाचा रक्षक जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. अशा खेळाडूस बाहेर बसविण्यावाचून गत्यंतर नाही, असे कोणीही म्हटले असते. रहीमसाहेबांनी त्याला मागच्या फळीतून काढून चक्क आघाडीच्या मध्यभागी उभे केले! उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने एक गोल केला आणि भारत ३ विरुद्ध २ असा विजयी झाला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना झाला. प्रतिपक्ष पुन्हा दक्षिण कोरियाच. यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांना स्पर्धेत येऊ दिले नव्हते आणि त्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने घेतलेल्या आक्षेपामुळे तेथील जनता भारतावर रुष्ट होती. सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या गोंगाटात आपल्या राष्ट्रगीताचे सूरही बुडून गेले. परंतु सामन्याच्या सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी याने गोल केला आणि विसाव्या मिनिटाला दुसरा गोल केला तो डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगने. ज्या कोरियन संघाने पहिल्या सामन्यात त्याला रक्षक म्हणून पाहिले होते, त्याच्याच गोलात त्याने चेंडू मारला. कोरियाने एक गोल फेडला; पण भारताने २ विरुद्ध १ असे सुवर्णपदक जिंकले.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही, तोच ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. त्यांचे चिरंजीव एस. एस. हकीम हेही रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र १९६२ नंतर भारताला आजवर पुन्हा मिळालेले नाही. २०२४ साली ‘मैदान’ या चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीच्या कानी गेले, हे समाधानाचे होय.

विद्यार्थी मित्रांनो, हूल ही लबाडी नव्हे. खेळाचे सर्व नियम पाळून प्रतिपक्षापेक्षा एक पाऊल पुढचा विचार करणे, हेच तिचे मर्म आहे. आणि आपला सोबती योग्य जागी पोहोचेलच, या विश्वासावाचून ती साधत नाही. काचीगुडा, चादरघाट ही नावे आपल्या रोजच्या परिचयाची. तेथील शाळांतून शिकविणाऱ्या एका शिक्षकाने हा विश्वास अकरा जणांच्या मनात निर्माण केला आणि देशाला सुवर्ण मिळवून दिले. मधल्या सुट्टीत चेंडू पायाशी आला, तर क्षणभर मान वर करून सोबत्याकडे पाहावे. रहीमसाहेबांचा पहिला धडा तोच होता.