ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

कृष्णा व कोयना या दोन नद्यांचा संगम सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे होतो. कऱ्हाडपासून जवळच गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी एक मूल जन्मास आले. पुढे छत्तीस वर्षे पुरी होण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षीच, त्याने स्वतंत्र भारतास ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्या पुरुषाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले असेल. परंतु त्या नावामागील कष्टांची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते. ती या अंकात सांगावी असे आम्हांस वाटले.

खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पहिलवान होते. त्यांस पाच मुलगे, व त्या पाचांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात तालमीचे वारे पहिल्यापासून होते. ज्या वयात इतर मुले अंगणात विटीदांडू खेळतात, त्या वयात हे मूल वडिलांचे बोट धरून आखाड्यात उतरले. पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यास कुस्तीचे धडे दिले. थोरले भाऊ मेहनत करीत असता धाकट्याने ते पाहावे, पाहून करू लागावे, चुकल्यास वडिलांनी सुधारावे, असा तो क्रम होता. दादासाहेबांनी मुलास संपत्ती अशी फारशी दिली नाही, कारण ती त्यांच्यापाशी नव्हती. पहाटे उठण्याची सवय, अंगमेहनतीची गोडी व हरल्यावर न रुसण्याची शिस्त एवढे मात्र त्यांनी भरपूर दिले. पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे अशी आमची विनंती आहे.

खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हते. उंची बेताची, शरीर आटोपशीर. प्रथम पाहणारास हा मोठा मल्ल असेल असे वाटू नये. परंतु त्यांच्या अंगात विलक्षण चपळाई होती व डोके शांत होते. पोहणे, धावणे, वजन उचलणे या गोष्टींतही त्यांस चांगली गती होती. कुस्तीत समोरच्या मल्लाची मान आवळून त्यास झटक्यासरशी उलथविण्याचा जो ढाक नावाचा डाव आहे, त्यात ते निष्णात झाले. शरीराच्या आकारावरून माणसाची योग्यता ठरविणारे अनेक जण या डावाने पाठीवर पडले!

इ. स. १९४० पासून १९४७ पर्यंत खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. हा काळ देशात मोठ्या खळबळीचा होता. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा अग्रभागी होता, आणि या शाळकरी तरुणानेही भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणे, निरोप पोहोचविणे अशा कामी हातभार लावला. शाळा, शेत व तालीम या तिन्ही ठिकाणी हजेरी लावणे सोपे नसते. तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही. हायस्कूल पुरे करून ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात दाखल झाले. बाबुराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांच्या कुस्तीस निश्चित वळण लागले.

कोल्हापूर म्हणजे मल्लांचे माहेरघर. राजर्षी शाहू छत्रपतींनी या विद्येस दिलेला आश्रय तेथील मातीत मुरलेला होता. अशा नगरीत गुणी तरुण झाकून राहता ना. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा खाशाबांची निवड झाली व त्यांच्या प्रवासखर्चास कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. येथे मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. खाशाबांची सारी मेहनत लाल मातीवरची, आणि लंडनची कुस्ती गादीवरची. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. आपल्या फडात समोरचा मल्ल चीत होईतो कुस्ती चालते. तेथे ठरावीक वेळ असतो, प्रत्येक डावाची नोंद होते व गुणांवरही निकाल लागतो. पोहणारा जसा विहिरीत तयार होऊन एकदम समुद्रात उतरावा, तशीच ही गत होती.

इतके असूनही फ्लायवेट या गटात, म्हणजे ५२ किलोंच्या आतील मल्लांत, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या प्रतिस्पर्ध्यांस हरविले आणि जगात सहावा क्रमांक मिळविला. एका भारतीय मल्लाने त्या गटात इतकी मजल मारावी हे तेव्हा नवल होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने तेथे त्यांस मार्गदर्शन केले. खाशाबा परतले ते आपल्याला काय येत नाही याची नीट जाणीव घेऊन. पुढील चार वर्षे त्यांनी या उणिवा भरून काढण्यात घालविली. वजनाचा गटही वाढविला, व ५७ किलोंच्या बँटमवेट गटासाठी ते सिद्ध झाले.

१९५२ चे सामने फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. तेथवर पोहोचण्याची वाट कुस्तीपेक्षाही बिकट निघाली. निवडीच्या वेळी आपणांवर अन्याय झाला असे खाशाबांस वाटले. त्यांनी आरडाओरड केली नाही, की रुसून घरी बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी रीतसर दाद मागितली. महाराजांनी बंगालचे मल्ल निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा लढत लावली, आणि खाशाबांनी दास यांस चीत करून आपला हक्क आखाड्यातच सिद्ध केला.

निवड झाली, आता पैसा हवा होता. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालेले असल्यामुळे पूर्वीचा राजाश्रय उरला नव्हता. सरकारकडे केलेल्या मागणीस वेळेवर यश आले नाही. तेव्हा गोळेश्वर व आसपासच्या गावकऱ्यांनी, दुकानदारांनी व स्नेह्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी गोळा केली. कोणी रोख दिले, कोणी शिधासामग्री दिली. आमच्या ख्रिस्ती वाचकांस या ठिकाणी शुभवर्तमानातील त्या गरीब विधवेची आठवण होईल, जिने मंदिराच्या भांडारात दोन लहान नाणी टाकली व जिचे दान श्रीमंतांच्या दानाहून मोठे ठरले. तरीही रक्कम पुरेना. अखेर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले व आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हाती दिले.

एका शिक्षकाने शिष्यासाठी आपल्या डोक्यावरील छप्पर धोक्यात घालावे, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस अंतर्मुख करणारी आहे. ज्या तरुणाने आजवर पदक मिळविलेले नाही, जो हरूनही परत येऊ शकतो, त्याच्यावर इतका विश्वास टाकणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येक शाळेने करावा.

हेलसिंकीच्या आखाड्यात जुलै महिन्यात या कुस्त्या झाल्या. खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन व मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो आदी मल्लांस हरवून अखेरच्या टप्प्यात प्रवेश केला. तेथे त्यांची गाठ जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत रशियाचे रशीद ममदबेयोव या दोघांशी पडली. इशी यांच्याशी झालेली झुंज दीर्घकाळ चालली व थोडक्यात गेली. एका कुस्तीनंतर दुसरीपूर्वी जी नियमाप्रमाणे विश्रांती मिळावयास हवी होती, ती त्यांस मिळाली नाही, आणि त्यांच्या वतीने तक्रार करण्यास कोणी भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या देहाने ते पुन्हा उभे राहिले. इशी यांस सुवर्णपदक, ममदबेयोव यांस रौप्यपदक व खाशाबांस कांस्यपदक असा निकाल लागला. तो दिवस २३ जुलै १९५२ हा होय.

त्याच सामन्यांत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले व देशाचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले गेले. परंतु एकट्याने झुंजून मिळविलेले स्वतंत्र भारताचे पदक हे पहिलेच होते. त्यानंतर असे दुसरे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले, जेव्हा टेनिसपटू लिअँडर पेस यांनी अटलांटा येथे कांस्यपदक मिळविले. मध्ये तब्बल ४४ वर्षे गेली! या एका आकड्यावरून खाशाबांच्या पराक्रमाची उंची कळावी.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर लोकांचा समुद्र लोटला होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक त्यांस घेऊन गोळेश्वरास निघाली. ढोल, लेझीम व गुलालाच्या गजरात एरवी थोड्या वेळात कापली जाणारी वाट सरता सरेना. ज्यांनी पै-पैसा जमवून त्यांस पाठविले होते, त्यांचेच ते पदक होते, आणि तेच ते मिरवीत होते. परंतु आमच्या मते खाशाबांचे खरे मोठेपण या मिरवणुकीनंतर दिसले. गुलाल झाडून होताच त्यांस प्राचार्यांच्या गहाण घराची आठवण झाली. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेला पैसा आपल्या गुरूचे घर सोडविण्यासाठी दिला. विजयाच्या धुंदीत ऋण विसरणारे पुष्कळ असतात. हा शेतकऱ्याचा मुलगा विसरला नाही.

१९५५ साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून दाखल झाले. पुढच्या ऑलिंपिकची उमेद त्यांच्या मनात होती. परंतु गुडघ्यास झालेल्या गंभीर दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न येथील सामन्यांस ते जाऊ शकले नाहीत. खात्यात त्यांनी दीर्घकाळ इमानाने नोकरी केली, तरुण पोलिसांस शरीरशिक्षण दिले, व असिस्टंट कमिशनरच्या हुद्द्यापर्यंत चढून ते निवृत्त झाले. १९८२ साली दिल्ली येथे भरलेल्या आशियाई सामन्यांच्या वेळी ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश करण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे देहावसान झाले.

येथे आम्हांस एक कटू गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. सरकार दरबारी खाशाबांचा जो गौरव व्हावयास पाहिजे होता, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे मरणोत्तर, म्हणजे २००० सालासाठी, देण्यात आला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या गळ्यात हार घालावयाचा, तो हार घेण्यास उरला नव्हता. कष्ट केले की मान मिळतोच, असे आम्ही मुलांस सांगत असतो. खाशाबांचे चरित्र वाचल्यावर तसे सरळ सांगणे कठीण जाते. कधी मान उशिरा मिळतो, कधी मिळतही नाही. मग कष्ट कशासाठी करावयाचे? खाशाबांच्या आयुष्यात याचे उत्तर आहे. त्यांनी पदकानंतरची वर्षे कुरकुर करीत घालविली नाहीत. हाती आलेले काम केले, ऋण फेडले व नव्या मुलांस तयार केले. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत धावपटू व मल्ल यांचे दाखले देऊन न कोमेजणाऱ्या मुकुटाविषयी लिहिले आहे. तो मुकुट कोणत्या समितीच्या हाती नसतो, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

बीबी व आसपासच्या खेड्यांतून आमच्या शाळेत येणारी मुले बहुतेक शेतकऱ्यांची आहेत. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या बाजूच्या जत्रांत ती कुस्त्या पाहतात, पावसाळ्यात विहिरींत व नाल्यांत पोहतात, शाळेत यावयास मैलोगणती चालतात. त्यांच्या अंगात बळ आहे, यात आम्हांस शंका नाही. काही पालक परीक्षेत गुण कमी पडताच मुलाचे खेळणे बंद करतात. तर काही मुले खेळाच्या नादात पुस्तकास हात लावीनाशी होतात. दोघांसही आमचे सांगणे असे की, गोळेश्वरच्या त्या घराकडे पाहावे. तेथे बापाने मुलास आखाडा दिला आणि शाळाही दिली, व मुलाने दोहोंपैकी एकही टाकले नाही.

पालकहो, मुलास महागडी साधने देणे आपणांस जमले नाही तरी चालेल. पहाटे त्याच्याबरोबर उठणे, तो हरून आला असता त्यास न हिणवणे व जिंकून आला असता ज्यांनी मदत केली त्यांच्या दारी त्यास नेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आणि विद्यार्थीमित्रांनो, या शाळेतून बाहेर पडल्यावर तुमच्यापैकी कोणी मोठा झाला, तर ज्यांच्या वर्गणीवर व विश्वासावर आपण मोठे झालो त्यांची आठवण ठेवावी. परमेश्वराने प्रत्येकास काहीना काही गुण दिलेला आहे. तो जमिनीत पुरून न ठेवता वाढवावा, हीच या वर्षी आमची तुम्हांस शुभेच्छा.